ऑर्विलचं मेण

मोंटानातल्या बंदुकांच्या बाजारात वेंडेल चाकू मांडून बसला होता. शेजारच्या टेबलावर म्हाताऱ्या अर्लीनबाई नवरा ऑर्विल गेल्यावर मागं राहिलेलं त्याचं मशीन विकत होत्या. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांना मेण लावून एका मापात आणणारं ते जुनं मशीन एक तरुण गिऱ्हाईक दांडा ओढून बघत होतं.

“दांडा करकरतोय, काकू.”

“ऑर्विलच्या हातातही करकरायचा. गोळ्या मात्र झकास यायच्या.”

“असलं लोखंड आता मिळत नाही. घेतो मी. आत जुनं मेण थिजलंय, ते गरम करून टाकून देईन.”

“टाकू नको. आमच्याच मधमाश्यांचं आहे ते. माझ्या सूपच्या भांड्यात वितळवायचा मेला.”

“तुम्ही ओरडत असाल.”

“जन्मभर ओरडले. घरभर तो वास. मुलीनं परवा पडदे धुतले, तेव्हापासून तोही गेला.”

वेंडेलचा चाकू पुसणारा हात थांबला.

तरुणानं दांडा सोडला. “मग असं करू, काकू. मेण डबीत काढतो, पुढच्या बाजाराला आणून देतो.”

“डबीत कशाला? मशीन घेऊन घरीच ये. माझ्या स्टोव्हवर वितळव. भांडं मी घासून ठेवते.”