अकराव्या भागातली बाई

कप्तान : ...आणि म्हणून, मित्रहो, मी छातीठोकपणे सांगतो, की हा संच न उघडता, नुसता असा हातात धरून, मी त्यातली एकूण एक चूक दाखवून देऊ शकतो. चालू आहे का रे?

टेलर : चालू आहे. छाती ठोकू नकोस फक्त. तिसरं बटण आधीच माझ्याकडे रोखून बघतंय.

कप्तान : शिवताना माया ठेवायला नको होती का?

टेलर : ठेवली होती. ती तू केव्हाच खाल्लीस. यानातून फिरणाऱ्या माणसाचं माप घेतलं होतं मी, लिफ्ट खात्यातून निवृत्त झालेल्याचं नाही.

धाकटी : भाऊजी, दार सताड उघडं टाकलंय. आणि हे काय चंदेरी चढवलंय अंगावर? सर्कशीत लागलात का?

टेलर : या मावशी. शूटिंग चाललंय. याच्या मंडळासाठी भाषण.

धाकटी : कसलं मंडळ?

कप्तान : धाकटे, बहीण कुणाची आहेस? बायकोची बहीण असून तुला माहीत नाही? ‘परतीचं यान’ प्रेमी मंडळ. मी अध्यक्ष. आपल्या मालिकेचा संपूर्ण संच निघालाय, सगळे भाग, एकेका भागाची एकेक डिस्क.

धाकटी : ते यान? अजून पोचलं नाही का ते घरी? ताईला लग्न होऊन आल्या दिवसापासून त्याचंच जेवण आणि त्याचंच झोपणं.

कप्तान : ते पोचत नाही, म्हणून तर मालिका थोर आहे.

धाकटी : मग डबा असा लेकरासारखा धरून काय उभे राहिलात? उघडा की.

टेलर : तो उघडायचा नाही.

धाकटी : का? विंचू आहे आत?

कप्तान : ज्याचं प्लास्टिक फाटलं तो संच वापरलेला. फाटलं नाही तोवर तो पूर्ण. तुला नाही कळायचं.

टेलर : बघायला माझी पेटी आहे, मावशी. याची ठेवायची, माझी बघायची. म्हणजे मी बघायची. दुकानात मशीनच्या बाजूला लावतो.

धाकटी : तेच म्हणते. कॅसेटी भरभरून ठेवल्या होत्या, तेव्हाही वाजवायच्या नाहीत. वाजवली की झिजते म्हणे.

कप्तान : झिजतेच. पुन्हा घे रे. चालू आहे का?

टेलर : आहे, आहे. बोल.

कप्तान : मित्रहो, या संचातली सगळ्यात गंभीर चूक आपल्या मंडळानं शोधली. अकरावा भाग. वाहिनीनं त्या भागाची टेप पुसून तिच्यावर कुस्त्या भरल्या, हे आपण जाणताच. चित्र गेलं ते गेलंच. पण एका चाहत्यानं घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज भरला होता. तो सापडला. कंपनीनं त्या आवाजावर फोटो लावून भाग उभा केला. उत्तम! पण त्यात, मित्रहो, मध्येच एक बाई बोलते.

धाकटी : कोण बाई?

कप्तान : कंपनीला मी पत्रावर पत्र लिहिलं, की मूळ संहितेत बाई नाही. कंपनीनं चूक मान्य केली. नवी डिस्क काढली. जुनी कात्रीनं कापायची, तुकड्यांचा फोटो पाठवायचा, की नवी घरपोच! आणि सांगायला अभिमान वाटतो, की आपल्या एकेका सभासदानं...

धाकटी : भाऊजी, बाई कोण?

कप्तान : मला काय ठाऊक? गुरुजींची बायको असेल. कॅसेट आपल्या मंडळातल्या गुरुजींची. आधीपासून शिस्त नाही त्यांच्या घरात. आपल्याकडे मालिका लागली की शिंकायची बंदी होती.

धाकटी : आठवतंय. मला शिंक आली की ताई माझ्या तोंडावर उशी दाबायची. म्हणते काय पण ती?

कप्तान : मी ऐकलं नाही.

धाकटी : न ऐकताच पुसायला लावलं?

कप्तान : ऐकायचंय काय त्यात? मला भाग पाठ आहे. मेलेल्या ग्रहाभोवती यान अडकलेलं, यानप्रमुख एकटा, वायरलेसवर हाका मारतोय, कुणी उत्तर देत नाही. बाई कुठून येणार तिथे? पाणीपुरवठा खात्यातून?

टेलर : मी ऐकली होती ती एकदा.

कप्तान : तू?

टेलर : मशीन चालू होतं, शब्द नाही कळले. पण सुई थांबली माझी. मशीन बंद करेपर्यंत ती बोलून गेली होती. मागे नेऊन ऐकणार, तोवर तुझा फोन, आधी काप, अध्यक्षाच्या जवळच्या माणसानं उदाहरण घालून दिलं पाहिजे. कापली. कापडाच्या कात्रीनं, धार गेली तिची.

धाकटी : बाकीच्यांनी ऐकली असेल ना? काय म्हणतात लोक?

कप्तान : लोकांचं काय ऐकतेस. ग्रुपवर नुसता रडारडीचा बाजार. सगळे त्या बाईच्या प्रेमात.

धाकटी : वाचा हो टेलरभाऊ.

टेलर : थांबा, शूटिंग बंद करतो. हं. हा बेकरीवाला. ‘यानप्रमुख रडला तेव्हा मी कधी रडलो नाही. ही बाई बोलली आणि मला भट्टी सोडून बाहेर पायरीवर बसावं लागलं. एक घाणा करपला.’

कप्तान : कामात लक्ष नसलं की असंच होतं.

टेलर : हे प्राध्यापक. यांनी पानंच्या पानं लिहिलीत. ती बाई म्हणजे मेलेला ग्रह स्वतःच, आणि पोर म्हणजे नवा जन्मलेला तारा.

धाकटी : पोर? पोर कुठून आलं?

टेलर : आणि ही एक नर्स आहे. ‘ग्रह वगैरे काही नाही. ही बाई बाळंतपणातून उठलेली आहे. पुरती झोपलेली नाही. आवाज चोरून बोलते, तरी हसते.’

धाकटी : पुढे?

टेलर : गुरुजी. ‘अध्यक्षांच्या आज्ञेप्रमाणे कापली. फोटो जोडला आहे. आज मी कुणाला तरी घराबाहेर काढलं, असं वाटत राहिलंय.’

कप्तान : नाटकी माणूस. स्वतःचीच बायको, आणि ओळखता येईना?

टेलर : ते लिहितात, आवाज त्यांच्या घरातला नाही.

कप्तान : मग कुणाच्या?

टेलर : शब्द कुणीतरी उतरवून काढलेत, बघू... चष्मा... हां. यानप्रमुख : ‘मी अजून इथे आहे. कुणी ऐकतंय का?’ मग शांतता. घड्याळाची टिकटिक. मध्येच एक टिक गाळतं, पुन्हा चालू होतं. कंसात लिहिलंय, ‘यानाचं हृदय.’

धाकटी : एक टिक गाळतं?

टेलर : असं लिहिलंय. मग खूप दुरून, उंचावरून आल्यासारखा एका पुरुषाचा आवाज. ‘आहे का? आहे का?’ कंसात, ‘बहुधा परमेश्वर.’

धाकटी : शू. गप्प बसा दोघं. ऐका.

टेलर : काय?

धाकटी : भिंतीवरचं घड्याळ. ऐका... ऐका... गाळलं बघा.

कप्तान : ते पहिल्यापासून तसंच आहे.

धाकटी : तेच म्हणते मी. बाई काय बोलते, टेलरभाऊ?

टेलर : ‘आहे हो, आहे. ओरडू नका, पोर उठेल.’

धाकटी : पुन्हा वाचा.

टेलर : ‘आहे हो, आहे. ओरडू नका...’

धाकटी : पुरे. भाऊजी, वारा सुटला आणि चित्र मुंग्यांनी भरलं, की तुम्ही कुठे असायचात?

कप्तान : गच्चीवर.

धाकटी : काय करत?

कप्तान : अँटेना धरून.

धाकटी : आणि खाली बघून काय ओरडायचात?

कप्तान : ...चित्र आहे का.

टेलर : आयला. परमेश्वर तू?

धाकटी : हसू नका हो.

टेलर : हसत नाहीये मी, मावशी.

कप्तान : माझी अकराव्या भागाची कॅसेट ओलीनं गेली. मंडळाच्या कपाटात. तूच सांगितलंस मला.

टेलर : ओलीनं लेबलं गेली रे, कॅसेटी नाहीत सगळ्या. कंपनीनं मागितल्या तेव्हा ही गुरुजींच्या खोक्यात होती, म्हणून गुरुजींची म्हणून पाठवली. ऐकायला हवी होती, पण तुझाच नियम. वाजवली की झिजते.

धाकटी : मग मागवा ती परत. आत्ता फोन लावा.

टेलर : कंपनीच्या मशीनमध्ये शेवटची एकदा वाजली आणि तिचा भुगा झाला. तसं कळवलं होतं त्यांनी. माफी मागून.

धाकटी : पण त्यांनी उतरवून घेतलाच असेल ना आवाज?

टेलर : घेतला होता. याच्या शेवटच्या पत्रात काय लिहिलं होतं, सांग की रे.

कप्तान : मुळापासून काढा.

टेलर : आणि?

कप्तान : पुन्हा कधी कुणाच्या कानावर पडता कामा नये. तसं लेखी हमीपत्र द्या.

टेलर : दिलं त्यांनी. छान सहीशिक्क्याचं. फ्रेम करून लावलंय बघा, घड्याळाच्या खाली.

धाकटी : भाऊजी, तुम्ही ना...

कप्तान : मी तो भाग पाहिलाच नाही, धाकटे.

धाकटी : काय?

कप्तान : अकरावा. वारा थांबलाच नाही त्या दिवशी. खाली आलो तेव्हा नावं चालली होती. मग जेवताना तिनं सांगितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, वायरलेसच्या खरखरीसकट, हातात पोर घेऊन. मला जो पाठ आहे, तो तिनं सांगितलेला.

टेलर : आणि त्यात बाई नव्हती.

कप्तान : स्वतःला वगळून सांगितला ना तिनं.



टेलर : बटण गेलं. तिसरं. कपाटाखाली गेलंय, राहू दे.

धाकटी : पोरीनं मागे मला विचारलं, मावशी, आईचा आवाज कसा होता? तान्ही होती हो ती, ताई गेली तेव्हा. मी काय सांगणार? म्हटलं, माझ्यासारखाच, पण कमी कडू. ती हसली. मग म्हणाली, बाबांना विचारलं तर ते म्हणतात, साधाच.

कप्तान : साधाच होता.

धाकटी : घरात टेपरेकॉर्डर, खोकी भरून कॅसेटी, आणि बायकोचा एक शब्द नाही. का, तर टेप खराब होईल! एकदा बोलली बिचारी. एकदा. तेही तुम्हीच विचारलंत म्हणून. उद्या येतेय पोर तुमची, तिला काय ऐकवू? हमीपत्र?

टेलर : मावशी, पाणी घ्या.

धाकटी : नको मला पाणी. त्या ग्रुपवर विचारा. एखाद्यानं ठेवली असेल लपवून.

टेलर : विचारतो. पण ही बघा फोटोंची रांग. सगळ्यांनी कापलीय. बेकरीवाल्यानंही. एकानं तर तुकड्यांचं झुंबर केलंय. फारच आज्ञाधारक माणसं, काय करणार. आयुष्यभर यानप्रमुखाच्या हुकमाची मालिका पाहिलेली.

धाकटी : आणि तुमच्या अध्यक्षांनी? यांच्या कापलेल्या डिस्कचा फोटो कुठाय?

टेलर : त्याचा प्रश्नच नव्हता. त्याची पेटी तर अजून...

धाकटी : अजून काय?

टेलर : कप्तान. कितव्या खेपेतली आहे ही?

कप्तान : पहिल्या. अगदी पहिल्या दिवशीची.

टेलर : म्हणजे आत जुनी डिस्क आहे. बाईवाली.

धाकटी : म्हणजे जगाला कापायला लावलीत आणि स्वतःची तेवढी शाबूत? शाबास हो भाऊजी. पहिल्यांदा तुमच्या खोडीचा काही उपयोग झाला. आणा ती इकडे.

कप्तान : थांब.

धाकटी : कशाला थांबू?

कप्तान : हात नको लावूस. एक मिनिट. कडेनं... वरच्या कडेनं कापता येईल का रे? म्हणजे प्लास्टिक तसंच राहील आणि नंतर...

टेलर : कप्तान.

कप्तान : नाही, विचारतोय फक्त.

धाकटी : तुम्ही अजून गच्चीवरच उभे आहात, भाऊजी. खाली या.

कप्तान : ...काप. कसंही काप. थांब, नको. कात्री दे, मी कापतो.

टेलर : धार नाही तिला.

कप्तान : नसू दे.

(प्लास्टिक फाटतं. घड्याळ एक टिक गाळतं.)

धाकटी : तो प्लेयर लावा तोवर. आवाज मोठा ठेवा. नाही, मोठा नको. ती हळूच बोललीय.

टेलर : लावलाय. काढ तू.

कप्तान : तूच काढ. चष्मा नाही माझ्याकडे. सांभाळून, कडेला धर, बोट लावू नकोस.

टेलर : धरतोय. ही आठवी. नववी. ही दहावी.

कप्तान : पुढची.

टेलर : थांब, उजेडात येऊ दे.

धाकटी : काय झालं?

टेलर : खण अकरावा आहे.

कप्तान : आहे का? अरे, आहे का?

टेलर : दहावी दोनदा आहे.