बुटांची पाणीपरीक्षा

अगं, गेल्या हिवाळ्यात लीड्सच्या चिखलात पाय भिजून मी आजारी पडले, तर लेकाने माझं एकटीने फिरणंच बंद केलं. यंदा मीच त्याला बुटांच्या दुकानात ओढत नेलं. विक्रेता म्हणाला, "हंड्रेड पर्सेंट वॉटरप्रूफ." मी बूट पायात चढवला आणि पर्समधल्या बाटलीतलं अर्धं पाणी त्यावर ओतलं.

"आई, अजून विकत घेतला नाहीये आपण."

"म्हणूनच. माठ तरी पाणी भरून बघितल्याशिवाय घेतो का?"

मोजा कोरडा निघाला. विक्रेता हसत फरशी पुसायला लागला.

लेक पुटपुटला, "लाज आणलीस. माझे महागडे बूट मी कधी असे तपासले नाहीत."

उरलेलं पाणी मी त्याच्या बुटांवर ओतलं. ओला झालेला मोजा पिळत तो विक्रेत्याला हळूच म्हणाला, "हेच माझ्या साइजमध्ये आहेत का?"