समोरचं दुकान

धारवाडहून हुबळीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागे बापलेक बसले होते. अप्पांचं जुन्या हुबळीत साड्यांचं दुकान. मुलगी श्रीलक्ष्मी, ती कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते.

“अप्पा, व्यापारी संघात आज काय बोलणार?”

“तुझ्याच पुस्तकातलं. मत द्यायची मोकळीक हवी, तशी दुकान उघडायचीही हवी.”

“युरोपात लोक त्यासाठी राजाशी भांडले. तुम्हाला रोजच्या शेजाऱ्यांशी भांडायचंय. नव्या माणसाला गल्लीत जागा द्यायची नाही, असं सगळ्यांचं ठरलंय.”

“ठरू दे की.”

“त्याची बोहणी झाली नसली, तर गल्लीच्या रीतीनं आपलं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवणार?”

“पाठवणार.”

“ही रीत युरोपच्या पुस्तकात नाही हं.”

“नसू दे. आपल्या गल्लीत आहे.”

“अप्पा, तो बरोबर आपल्या समोर दुकान टाकतोय. उद्यापासून आपलंच गिऱ्हाईक तुटेल.”

“तुटेल की. म्हणून तर मीच बोलायला पाहिजे. ज्याचं काही जाणार नाही, त्याचं कोण ऐकतंय?”



“मीही येते संघात.”

“आणि तुझा क्लास?”

“वर्गात हे बोलून माझं आजवर काय गेलंय, अप्पा?”