पितळेची ग्वानयिन

...आणि वर लोक मलाच विचारतात, "एवढं काय झालं हो, पितळेचं तर होतं!" पितळेचं तर होतं! तुम्हाला सांगतो, सोन्याचं असतं तर मी एवढा हळहळलो नसतो. सोन्याला काय, उन्हात टाका, पावसात टाका, लोणच्याच्या बरणीत बुडवा, ते आपलं हसतंच आहे. पण पितळ? पितळ रुसतं हो! नुसता श्वास लागला तरी रुसतं. आणि एकदा रुसलं की बायको परवडली, पितळ नाही. म्हणून तर सात वर्षं घरात घसा कोरडा करतोय... पितळ आहे ते, हात नका लावू!

मी काही शिकलेला माणूस नाही. हुआंगपू नदीच्या फेरीबोटीवर एकतीस वर्षं दोर फेकला. धक्का आला की दोर फेकायचा, फळी टाकायची, सायकलवाल्यांना "सरका पुढे, सरका" म्हणायचं, की झालं माझं शिक्षण. कामावरून निवृत्त झालो आणि एका शनिवारी नाण्यांच्या बाजारात ही पदकं बघितली. शर्यत जिंकल्यावर गळ्यात घालतात ती नव्हेत हो! तळहाताएवढी, जाडजूड, आणि त्यावरचं चित्र इतकं खोल कोरलेलं, की बगळा असेल तर वाटावं आता पाय उचलतोय. कुणी तांब्याची घेतं, कुणी चांदीची. मला पितळेची परवडली, आणि खोटं कशाला बोलू, आवडलीही पितळेचीच. कडेला बारीक नंबर, त्याच नंबराचा कागद, लाकडी डबी. डबीत ओल शोषणाऱ्या पुड्या, कारण आमच्या शांघायचा जूनचा पाऊस म्हणजे भिंतीला घाम फुटतो, तिथे पितळेची काय कथा? आणि बघायचं तर पांढरे सुती हातमोजे घालून. आमची लिंगदी म्हणाली, "म्हाताऱ्या, चाळीस वर्षांत मला हात लावताना कधी हातमोजे घातलेस का रे?" आता बायको काय पितळेची असते? तुम्हीच सांगा!

तर दोन वर्षांपूर्वी एक पदक निघालं. काय होतं त्यावर? आमची फेरी! धूर सोडणारी जुनी फेरी, आणि पुढच्या टोकाला दोर फेकणारा एक माणूस. दोर हातातून सुटलाय, धक्क्याला पोचलेला नाही, तसाच हवेत. मी बाजारात उभ्या उभ्या रडलो. एकतीस वर्षांत आमचा साधा फोटो कुणी काढला नव्हता हो... आणि इथे पितळेत! पण निघालीच होती मोजकी, आणि आमच्या पदकं जमवणाऱ्यांत एकुलतं एक मिळालं ज्वांग गुरुजींना. गणिताचा निवृत्त मास्तर. गळ्यात भिंग. माणूस हसला तरी आधी भिंगातून बघून हसणार. मी दोन वर्षं त्याच्या मागे. शेवटी म्हणाला, "गनबाओ, देतो. तुझी ग्वानयिन मला दे. पण मूळ रंग हवा. एक डाग दिसला तर बोलायचं नाही."

डाग? माझ्या ग्वानयिनला? करुणेची देवी कोरलेलं माझं सगळ्यांत लाडकं पदक ते, सात वर्षांत तिच्यावर माझी सावली पडली नव्हती! मी म्हटलं, "गुरुजी, एवढं मोतीबिंदूचं उरकतो. फेरी हातात येईल तेव्हा दिसायला तर हवी!" एक डोळा झाला, मग दुसरा, आठ दिवस हॉस्पिटलजवळ मुलीकडे राहिलो. दहाव्या दिवशी सौदा ठरलेला.

घरी आलो. दार उघडलं लिंगदीनं. आणि काय सांगू, तिच्या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या कधी झाल्या मला ठाऊकच नव्हतं. गहिवरलो. म्हटलं आता हिच्यावर आवाज चढवायचा नाही, कधीच नाही... आणि तेवढ्यात नवीन डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे गेले.

कपाटावर ग्वानयिन! डबीबाहेर! समोर संत्री, धुमसणाऱ्या उदबत्त्या, धुरानं चेहरा काळवंडलेला, डोळ्यांत लाल ठिपके! आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फान काकू एकदा पदकावर अंगठा घासतायत, एकदा स्वतःच्या गुडघ्यावर. पदकावर, गुडघ्यावर. पदकावर, गुडघ्यावर. मी ओरडलो, "अहो पितळ आहे ते, हात नका लावू!"

"लावू दे रे," लिंगदी म्हणाली, "फान काकूंना उतार पडलाय."

"पण बाहेर काढलीस कशाला?"

"तू डोळ्यांवर सुरी घेऊन पडलेला, आणि आई डबीत, अंधारात! तिलाच दिसत नाही तर तुझ्याकडे बघणार कोण? नेली मठात. भिक्खूंनी कुंचल्यानं लाल ठिपके देऊन डोळे उघडले तिचे, आता प्राण आलाय तिच्यात."

"नेलीस कशातून?"

"बाजाराच्या पिशवीतून. वर टोफू होता, धक्का लागला नाही रे."

टोफू! ओला टोफू! बरं, आता पुसायचं म्हटलं तर घासल्यावर पितळेचा रंगच जातो, आणि डोळे उघडलेल्या देवीला घासायला मी कोण? डबीत घालायची सोय नाही, द्यायची सोय नाही. देवी काय अदलाबदलीत देतात? आणि बायकोला बोलू काय? माझ्याच डोळ्यांसाठी केलं ना तिनं! दिसतं ना आता मला! सगळं दिसतं. एकेक डाग दिसतो.

दहाव्या दिवशी गुरुजी आले. हातमोजे चढवले, भिंग लावलं, आणि कडेच्या नंबरापासून डोळ्यांतल्या लाल ठिपक्यांपर्यंत सगळं तपासलं. "गनबाओ," म्हणाले, "हिला मारून टाकलंस की रे तू पार... रया गेली रया!" झालं. मी मान खाली घातली. फेरी गेली.

पण लिंगदी गप्प बसेल? तिनं सगळं सांगितलं, माझे डोळे, फान काकूंचा गुडघा. ऐकता ऐकता गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. घरी त्यांची बायको चौदा महिने अंथरुणात, एक बाजू लुळी. त्यांनी एक हातमोजा काढला. मग दुसरा. आणि उघडा अंगठा, भिंगवाल्या मास्तराचा उघडा अंगठा, टेकवला ग्वानयिनच्या पायांवर! माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "गुरुजी, पितळ आहे ते, हात नका..."

"गप रे!" म्हणाले. डोळे भरलेले. आणि कोटाच्या खिशातून काढली फेरी!

मला वाटलं, डागाळलेल्या देवीच्या बदल्यात सुद्धा देतोय, केवढ्या मनाचा माणूस! मी दोन्ही हात पुढे केले... आणि त्यांनी ती माझ्या हातांवरून पलीकडे नेऊन ग्वानयिनपुढे ठेवली. म्हणाले, "आई, बुडणाऱ्यांना पैलतीरी नेतेस ना? ही घे नाव."

"आता कसं बरोबर बोललात गुरुजी!" लिंगदी म्हणाली, आणि तिच्यावर उदबत्तीची राख पडली. फेरीवर हो, लिंगदीवर नाही!

आता वाहिलेली वस्तू उचलता येते का? परवा गुरुजी धावत आले, बायकोची दोन बोटं हलली म्हणे. हलली, देवाची कृपा, मलाही आनंदच झाला, मी स्वतः त्यांना चहा पाजला. पण म्हणजे आता पदकं त्या कपाटावरून हलत नाहीत, हे तुम्हाला कळलं ना?

तेव्हा रोज सकाळी मी आपला तोंड धुऊन रांगेत उभा राहतो. माझ्याच घरात. पुढे फान काकू, त्यांच्यापुढे तळमजल्यावरचे दोघे. नंबर आला की वाकतो, लिंगदीला वाटतं म्हातारा सुधारला, भक्तीला लागला... आणि मी चटकन बघून घेतो, राखेखाली त्या माणसाचा दोर अजून हवेत आहे ना. तेवढ्यात मागून फान काकूंच्या सूनबाई म्हणतात, "सरका पुढे आजोबा, सरका!"