डावीकडची बटणं

परवाचं ऐका. खडवलीला मामेभावाचा साखरपुडा होता आणि मी स्वतः शिवलेला शर्ट घालून गेलेलो. ताई वारली तेव्हापासून तिची शिलाई मशीन झाकलेली बघवत नव्हती. म्हणून तिच्या बटणवाल्या कुर्तीचं पेपर कटिंग घेतलं, खांद्याला जरा वाढवलं आणि बसलो शिवायला.

दारातच मामा ओरडला, “अरे, बटणं बायकांसारखी डावीकडे आलीत! काढ तो. माझा घाल.”

“ताईच्या कटिंगने असाच होतो. नाही काढणार.”

“लोक हसतील रे.”

“हसू दे.”

“मग फोटोत तरी मागे उभा राहा.”

मी सरळ जाऊन नवरदेवाला चिकटून उभा राहिलो. आणि काल पिवळं कापड आणलंय. त्यालाही बटणं डावीकडेच लावणार.