पुणतांबा ओ देत नाही

शलमोन: परत तेच का?

रूथ: परत तेच, पप्पा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट.' हाक मारून मारून दमले, पलीकडून उत्तर नाही. आणि साडेदहा वाजून गेले.

शलमोन: आन् अकराचं काय म्हनला तुझा सायेब?

रूथ: अकराच्या आत दोन्ही मशीन एकमेकींशी बोलताना दाखवली, तर नोकरी माझी. इथं घरात बसून काम. नाही जमलं तर मी परत पुण्याच्या खोलीवर, आणि तुम्ही या घरात एकटे.

शलमोन: मी काय कुक्कुलं बाळ हाय?

रूथ: मम्मी गेल्यापासून दिवसाला चार वाक्यं बोलत नाही तुम्ही. सत्यशीलाकाकू शेजारून फोन करून सांगतात मला. मी गेले की ती चारही बंद.

शलमोन: त्या बाईला दुसरा धंदा न्हाई. बरं, मला एक सांग. टेबलावर कॉम्प्युटर तर एकच दिसतो. दोन मशीन कुठून आनल्या?

रूथ: याच्याच पोटात केल्यात. खऱ्या नाहीत, पण स्वतःला खऱ्या समजतात. एका घरात दोन बिऱ्हाडं म्हणा ना. दोघींना वेगळा नंबर दिलाय आणि मधे तार टाकलीय. तीसुद्धा मानलेलीच.

शलमोन: नावं काय त्यांची?

रूथ: एक आणि दोन.

शलमोन: ही काय नावं झाली? आमी टेलिफोनच्या बोर्डावर गावाच्या नावानं हाक मारायचो. हिला नगर म्हन, तिला पुणतांबा.

रूथ: बरं बाबा. नगर हाक मारतंय आणि पुणतांबा ओ देत नाही. तार तीनदा बदलून बघितली.

शलमोन: तारेच्या मागं लागू नगं. मीपन तीच चूक केल्ती.

रूथ: कधी?

शलमोन: अठ्ठ्याहत्तर साली. नगरच्या ट्रंक एक्सचेंजला, गावागावांचे फोन जोडायला, सकाळी सातची ड्यूटी. बसल्या बसल्या पयलं काम लाईन टेस्ट. 'पुणतांबा, नगर बोलतोय, येतंय का ऐकू?' तिकडून तुझी मम्मी म्हनायची, 'बोला नगर, स्वच्छ.' बाकी समदी गावं ओके म्हनायची. ही एकटी स्वच्छ. वरीसभर त्या एका शब्दावर माझा दिवस जायचा.

रूथ: आणि तोंड पाहिलेलं नाही?

शलमोन: कुठलं! नुसता आवाज. एक दिवस टेस्ट झाल्यावर विचारूनच टाकलं, 'लग्न करनार का माझ्याशी?' दुसऱ्या दिवसापासून पुणतांबा गप्प.

रूथ: अरे देवा.

शलमोन: तिच्या घरचे कॅथलिक, आमी प्रोटेस्टंट. तवा ह्ये लई मोठं हुतं. पन मला वाटलं लाईनच गेली. गहिनीनाथ लाइनमनला दोनदा खांब बघायला धाडलं. बिचारा राहुरीपातूर सायकल हानत गेला आन् शिव्या देतच आला. 'तार टनटनीत हाय, तुझं डोकं तपासून घे' म्हनला.

रूथ: मग खरंच चालू होती लाईन?

शलमोन: व्हय की. सव्वासातला तिकडं स्टेशनात गाडी यायची, तिची शिट्टी हितं माझ्या कानात. शिट्टी येती म्हंजी तार हाय. तवा तू आधी शिट्टी येती का बघ.

रूथ: शिट्टी... थांबा. नगरकडे एक यादी असते, तारेवर कोण कोण भेटलं त्याची. बघते हं... पप्पा, आहे! पुणतांब्याचा पत्ता आलाय यादीत!

शलमोन: मंग तार धड हाय. आता पलीकडं बघ.

रूथ: फायरवॉल! दारावरचा राखणदार, पप्पा. अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही, असं त्याला आधीच बजावून ठेवलेलं असतं. आणि मी मूर्खासारखी तारा उपटत बसले. एवढी परवानगी देते... आता मारते हाक.

(स्क्रीनवर एकाखाली एक उत्तरं उमटू लागतात.)

शलमोन: आलं?

रूथ: आलं! चारपैकी चार! थांबा, साहेबांना पाठवते... गेलं. वाचलं त्यांनी. लिहितायत काहीतरी.

शलमोन: काय लिवतोय एवढं?

रूथ: 'सोमवारपासून कामाला लागा.' पप्पा, मी राहतेय घरी!

शलमोन: बरं झालं, पोरी. लई बरं झालं. तू जाऊ नगंस, आसं रात्रीपासून वाटत हुतं. बोललो न्हाई एवढंच.

रूथ: तेच तर म्हणते मी, बोलत नाही तुम्ही. आता पुढचं सांगा. पुणतांबा किती दिवस गप्प होतं?

शलमोन: सात. तार धड निघाली आन् पुढं दिवसाचे कॉल पोस्टमास्तर घ्याया लागला, म्हनून वाटलं ती रजेवर गेली. आठव्या दिवशी आवाज आला, 'बोला नगर, स्वच्छ. घरचे तयार झाले.' सात दिवस कुठं हुती ते जल्मात सांगितलं न्हाई. विचारलं की हसायची.

रूथ: आणि तुम्ही काय करत होतात सात दिवस?

शलमोन: बडबड. पलीकडं कोनी न्हाई म्हनल्यावर कुनाला भ्यायचं? माझी आई तिखट हाय, बुटाला भोक पडलंय, कारलं मला घशाखाली उतरत न्हाई. काय वाट्टेल ते बोलायचो.

रूथ: पप्पा, एक विचारू? पुणतांब्याच्या बोर्डावर कुणी बसलेलंच नसतं, तर गाडीची शिट्टी तुमच्या कानात आली असती?

शलमोन: कशी यील? तिकडच्या मानसानं लाईनचा खटका उघडून हेडफोन चढवला पायजे, तवा कुठं त्याच्या तोंडासमोरच्या माइकातून आवाज हितं...

रूथ: हं?

शलमोन: रूथ, लग्नानंतर पयल्याच दिवशी तिनं समद्यांना कारलं वाढलं. मला तेवढी डाळ. मला वाटलं, आईनं सांगितलं आसंल.

रूथ: बोलायला मनाई केली असेल घरच्यांनी. ऐकायला कोण अडवणार?

शलमोन: पस्तीस वर्सं बोर्डावर काढली मी. एवढं साधं ध्यानात आलं न्हाई.

रूथ: पाणी आणू का?

शलमोन: नगं. बस हितंच. ...मंग आज सकाळी कबरस्तानात जाऊन बोललो, तेपन ऐकलं आसंल तिनं.