काठ्या माझ्याकडे, कापड तुझ्याकडे

हॅलो? … हां, बोल गं धाकटे. … नाही, कामात कसली, जमिनीवर बसलेय. चारी बाजूंनी सामान मांडलंय आणि मधोमध मी. उठायचं म्हटलं तर आधी स्टोव्ह उचलायला हवा.

… हो, तंबूच्या काठ्या आहेत माझ्याकडे. माझ्याकडेच असतात ना? काठ्या माझ्याकडे, कापड तुझ्याकडे, सहा वर्षं हेच चाललंय. वाटेत कितीही भांडलो तरी संध्याकाळी एकीला दुसरीशिवाय आडवं होता येत नाही. … हसतेस काय, खरंच आहे.

… चिंगी? बाहेर गेलीय, सामान आणायला. शनिवारपासून ऑफिसचं ट्रेनिंग आहे ना तिचं, बारा दिवस. … तुला बोलली नाही? कमाल आहे. एरवी मावशी मावशी करत तुझ्याच घरी पडलेली असते. आपणही शनिवारीच सायकलवर निघतोय, योगायोग बघ. म्हटलं बरं झालं, मायलेकी एकदमच बाहेर, घराला कुलूप.

… अगं ऐक ना, आधी माझं ऐक! मी सगळ्याचं वजन केलंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर. टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापला. … हो, तू कापला होतास तेव्हा मीच हसले होते, आता मीच कापला. साबणाची वडी अर्धी केली. जास्तीचा शर्ट काढून टाकला. अकरा किलोचं सामान सातवर आणलंय, आहेस कुठं! काल चिंगी समोर बसली होती, एकेक वस्तू काट्यावर ठेवून आकडे वाचून दाखवत होती मला. या वेळी तुला बोलायला जागाच ठेवली नाही.

… यादी? कुठली नवी यादी? … सकाळी पाठवलीस? थांब, बघते. चष्मा कुठं ठेवला… डोक्यावरच आहे. हां, उघडली.

… पंप तुझ्याकडे का लिहिलाय? पंप माझ्याकडे असतो. … राहू दे काय राहू दे? स्टोव्ह पण तुझ्याकडे. पाण्याचा फिल्टर तुझ्याकडे. चेनच्या कड्या, पंक्चरचं सामान… अगं, सगळा भार एकटी घेतेस की काय? एवढी काही म्हातारी झाले नाही हां मी!

… आणि या दुसऱ्या रकान्यात काय आहे? 'स्लीपिंग बॅग, विकत घ्यायची.' कुणासाठी? माझी आहे की. … 'फ्रेमची पिशवी, आहे.' 'हेल्मेट, नवं.' … माझं नाव कुठं आहे गं यात? … नाही, वरखाली सगळं बघितलं. नाहीये. … बोल ना. हॅलो? आहेस ना?

… अच्छा.

… अच्छा. … हो, ऐकतेय.

… नाही, शांतच आहे मी. तू बोल. मलाही कळू दे. … गुडघा. … हं. गुडघा माझा आणि काळजी तुला. … डॉक्टरांचं मला सांगू नकोस, त्यांच्याकडे मी गेले होते, तू नव्हतीस. चढावर उतरून चाला म्हणाले. उतरून चालायला मी कधी लाजले का?

… हां, आता आलीस मुद्द्यावर. मागच्या वेळी माझ्यामुळे परत फिरलो. मान्य. खिंड चार किलोमीटरवर होती आणि मी कडेला दगडावर बसून रडले, तेही मान्य. तेव्हा तू काय म्हणाली होतीस? … आठवत नाही ना? मला आठवतंय. 'ताई, खिंड कुठं पळून जातेय, पुढच्या वर्षी दोघी मिळून येऊ.' दोघी! वर्षभर मी तेवढ्यावर काढलं गं. मशीनवर बसायच्या आधी रोज सकाळी टेकडीवर सायकल घातली. गिऱ्हाइकांची सोफ्याची कव्हरं रखडली, पडदे रखडले, बोलणी खाल्ली. टेकडी एक दिवस चुकवली नाही.

… तुला वाईट वाटतंय? अरे वा! तुला! … अगं, निघायला दोन दिवस राहिलेत! दोन दिवस! आज सांगतेस? आणि सांगतेस तरी कुठं, यादी पाठवतेस. तोंडाला काय झालं होतं तुझ्या? … सांगणारच होतीस. हो, खिंडीत पोचून फोटो पाठवला असतास, म्हणजे कळलंच असतं मला.

… आणि आज फोन कशासाठी केलास? काठ्यांसाठी. … नाही कसं? कामात आहेस का, आणि लगेच पुढचं वाक्य काय होतं तुझं? 'ताई, काठ्या आहेत ना तुझ्याकडे?' कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. काठ्या!

… नाही मिळायच्या. … नाही म्हणजे नाही. काठ्या माझ्या आहेत. तू तुझं कापड अंगावर ओढून झोप. … येऊ दे की वारा. मला काय त्याचं.

… तुझ्याबरोबर जी येणार आहे तिला सांग ना, तिला आणू दे तंबू. कोण आहे ती? … ओळखीची म्हणजे कोण? … कधी गेलीय एवढ्या लांब? … पहिल्यांदाच! वा गं वा! सहा वर्षं बरोबर आलेली चालत नाही आणि पहिल्यांदा निघालेली चालते. तरुण असेल. … हं. वाटलंच. सामान तरी धड आहे का तिचं? … शिवून घेतलेली पिशवी आहे? तू मला पिशव्यांचं सांगू नकोस. खडकाळ रस्त्यावर दोन दिवसांत उसवतात, आणि पहिली जाते ती झिप. … जाड आहे? पिवळी?

… पिवळी झिप?

… काळ्या पिशवीला पिवळी झिप कुणी लावत नाही, धाकटे. मी लावली, कारण काळी संपली होती.

… गप्प बस. एक मिनिट गप्प बस.

… चिंगीनं पुठ्ठा आणून दिला होता मला. सायकलच्या फ्रेमच्या मापानं कापलेला, तिकोनी. 'आई, ऑफिसातल्या मैत्रिणीला हवीय, तुझ्यासारखी कुणी शिवत नाही.' मी फुगले ना. दोन दिवस खपले त्यावर. कोपऱ्यांना दुहेरी शिवण मारली. आतून एक खिसा दिला, तिनं मागितलाही नव्हता. म्हटलं, कुणाची तरी पोर लांब निघालीय, उपयोगी पडेल.

… माझीच पोर.

… आणि काल काट्यासमोर बसून माझे मोजे मोजत होती! 'आई, नव्वद ग्रॅम. आई, अजून एक जोडी कमी कर.' हसत होती गं. मीही हसत होते.

… तिची बाजू तू घेऊ नकोस. घाबरली, धीर झाला नाही… दोघींनी मिळून ठरवलंत ना? तुझ्या घरी बसून? बाहेरच्या कुणी केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तुम्हा दोघींचं मी काय करू, सांग. … नाही, सांगच.

… आता रडू नकोस. तू रडलीस की मलाच तुझी समजूत काढायला लागते, लहानपणापासून. आज नाही जमायचं मला.

…

… कागद आहे का जवळ? … घे म्हणतेय ना. लिही. लाल टेप लावलेली काठी आहे ना, तिला सांध्यापाशी चीर गेलीय. तिच्यावर नळी चढवायची, मगच वाकवायची. नळी काठ्यांच्याच पिशवीत आहे. … हो, देतेय. तुला नाही देत. त्या तंबूत माझी पोर झोपणार आहे.

… पुढं लिही. स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका, तिकडच्या थंडीला ती पुरायची नाही. तिचे पाय गार पडतात, मग रात्रभर झोप नाही. माझी न्या. … उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबते ती, गल्लीतसुद्धा. म्हणून तू पुढं राहायचंस, तिला पुढं सोडायचं नाही. तहान लागली तरी बोलत नाही, दर तासाला विचार. … लिहिलंस? … वाचून दाखवू नकोस, लिहिलंस एवढं पुरे.

… उद्या दुपारी येऊन ने. ती ऑफिसात असेल. दाराबाहेर ठेवते सगळं, बेल वाजवायची नाही. … नाही, मला तुझं तोंड बघायचं नाही. एवढ्यात तरी नाही.

… आणि मला कळलंय हे तिला सांगायचं नाही. … कारण मला तिच्या तोंडून ऐकायचंय. शनिवारपर्यंत वेळ आहे तिला. एवढं बोलली ना, 'आई, मी मावशीबरोबर जातेय', की मी एक शब्द बोलणार नाही. वर माझा रेनकोट देईन. हात जोडते तुला, तेवढं एक राहू दे माझ्याकडे. तू मध्ये पडू नकोस.

… थांब. किल्लीचा आवाज. … अगं थांब ना!

आलीस गं चिंगे? … काही नाही, तेच, सामान आवरतेय. … हो, फोनवर आहे. मिळालं का ट्रेनिंगचं सगळं? … आणि हे काय, लोकरीचे मोजे? दोन जोड्या? … ट्रेनिंगला कशाला गं?

…

… एसी फार गार असतो का त्या हॉलमध्ये. … हं. … बरोबर आहे. घे बाई. पाय गार पडतात तुझे.

… फोन? कुणाचा नाही गं…

… हॅलो? नाही हो, चुकीचा नंबर लागलाय तुम्हाला. इथं सायकलवर जाणारं कुणी राहत नाही. … नाही, बहीण वगैरे कुणी नाही. ठेवा.